कुत्र्या-मांजरांचे दात क्लिनिकमध्ये साफ करून घेणं: वय, भूल आणि हिरडीखालचं काम

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की कुत्री नऊ वर्षांची आहे, तोंडाला वास येतो, मागच्या दाढांवर पिवळं-तपकिरी कीटण साचलंय, डॉक्टरांनी भूल देऊन दात साफ करायला सांगितलंय, पण या वयात भूल द्यायची भीती वाटते, आणि ग्रूमिंग करणारा एकजण भूल न देताच दात खरवडून देतो म्हणतोय, शिवाय ती नीट खाते-पिते तर एवढं सगळं करायची गरज आहे का. घरात सहा वर्षांची मांजर आहे, तिचं काय हेही विचारलंय. मी जनावरांची डॉक्टर आहे आणि बरीच वर्षं माझं निम्म्याहून जास्त काम तोंडाचं आणि दातांचंच आहे, त्यामुळे जरा लांबलचक लिहिणार आहे, पण सरळ उत्तर आधी देते. हो, गरज आहे. भूल देऊनच करा. नऊ हे वय आडवं येत नाही. आणि भूल न देता खरवडून घेऊ नका, कुणी फुकट करून देत असलं तरी नको.

आता का ते सांगते. दात साफ करायचे म्हटलं की सगळ्यांना दातावरचं पिवळं दिसतं, ते गेलं की झालं असं वाटतं. पण रोग असतो तो हिरडीच्या खाली, जिथे आपल्याला काहीच दिसत नाही. होतं काय की दात स्वच्छ असला तरी काही तासांतच त्यावर जंतूंचा चिकट थर बसायला लागतो, त्याला प्लाक म्हणतात. तो रोजच्या रोज पुसला गेला नाही तर लाळेतलं कॅल्शियम त्यात उतरतं आणि दोन-तीन दिवसांत तो कडक व्हायला लागतो, तेच टार्टर, तेच तुम्हाला दिसणारं कीटण. कुत्र्यांची लाळ माणसांपेक्षा जास्त अल्कधर्मी असते म्हणून त्यांच्यात हे फार भराभर होतं. टार्टर खडबडीत असतं, त्यावर नवा प्लाक आणखी सहज बसतो आणि हळूहळू हिरडीच्या कडेने खाली सरकतो. दात आणि हिरडी यांच्यामध्ये एक बारीक फट असतेच, निरोगी कुत्र्यात ती साधारण ३ मिलिमीटरपर्यंत आणि मांजरात अर्धा ते १ मिलिमीटर एवढीच. जंतू आत शिरले की ही फट खोल होत जाते, आत हवा पोचत नाही, आणि तिथे वाढणाऱ्या जंतूंमुळेच तो कुजका वास येतो. "कुत्र्याच्या तोंडाला वास यायचाच" असं बरेच लोक समजून चालतात, तसं नाहीये, निरोगी कुत्र्याच्या तोंडाला तसा वास येत नाही.

मग शरीर त्या जंतूंशी भांडायला लागतं आणि या भांडणात दाताला धरून ठेवणारे तंतू आणि जबड्याचं हाडच झिजायला लागतं. नुसती हिरडी लाल आणि सुजलेली आहे, हाड शाबूत आहे, इथपर्यंत असेल तर सगळं पूर्ववत होतं. एकदा हाड गेलं की ते आपोआप परत येत नाही. आम्ही आधार किती गेलाय त्यावरून टप्पे ठरवतो, पंचवीस टक्क्यांच्या आत असेल तर दात बहुतेक वाचतो, पंचवीस ते पन्नासमध्ये विचार करावा लागतो, पन्नासच्या वर गेला की बऱ्याचदा काढणंच बरं. तीन वर्षांच्या पुढच्या बहुतेक कुत्र्या-मांजरांमध्ये हा रोग कमी-जास्त प्रमाणात असतो आणि छोट्या जातींमध्ये, म्हणजे यॉर्कशायर टेरियर, डॅक्सहुंड, पूडल वगैरे, तो लवकर येतो आणि जास्त नुकसान करतो, कारण एवढ्याशा जबड्यात तेच ४२ दात दाटीवाटीने बसलेले असतात आणि मुळांभोवती हाड पातळ असतं. टॉय जातींच्या म्हाताऱ्या कुत्र्यांमध्ये खालच्या पहिल्या मोठ्या दाढेभोवतीचं हाड इतकं झिजलेलं असतं की साध्या उडीने किंवा किरकोळ धक्क्याने जबडा मोडतो. वरच्या सुळ्याचं आतल्या बाजूचं हाड गेलं तर तोंड आणि नाक यांच्यात भोकच पडतं आणि मग कुत्रा महिनोन्‌महिने शिंकत राहतो, नाकातून स्राव येतो, आणि घरचे ॲलर्जीची औषधं देत बसतात.

"नीट खाते-पिते" याबद्दल मला मनापासून सांगायचंय, कारण याच एका वाक्यामुळे जनावरं वर्षानुवर्षं दुखणं सहन करत राहतात. दात दुखतोय म्हणून कुत्रा उपाशी राहत नाही. तो दुसऱ्या बाजूने चावतो, किंवा चावतच नाही, अख्खं गिळतो, आणि वाडगा रिकामा झाला की आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे. बघायचं असेल तर वेगळ्या गोष्टी बघा, आवडतं खेळणं तोंडात धरायचं सोडलंय का, खाताना डोकं एका बाजूला कलतं का, दाणे तोंडातून पडतात का, एकाच बाजूला जास्त कीटण आहे का (त्या बाजूने चावणं बंद झालं की तिथे ते जास्त साचतं), गालाला हात लावला की मान फिरवते का, डोळ्याच्या खाली कधी सूज येऊन गेली का. डोळ्याखालची सूज बहुतेक वेळा डोळ्याची नसतेच, वरच्या चौथ्या उपदाढेच्या मुळाशी गळू झालेलं असतं, त्या दाताला तीन मुळं असतात आणि ती तिथेच जवळ संपतात. दुखणारे दात काढल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांनी फेरतपासणीला आलेले लोक सांगतात की ही परत खेळायला लागली, आम्हाला वाटलं होतं वयामुळे शांत झालीये. हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता "वयामुळे मंदावली" असं कुणी म्हटलं की मी आधी तोंड उघडून बघते.

भूल न देता खरवडण्याबद्दल. यात काय होतं, तर कुत्र्याला धरून ठेवतात आणि धारदार हत्याराने दाताच्या बाहेरच्या बाजूवरचं दिसणारं टार्टर काढतात. दात पांढरे दिसतात, घरचे खूश होतात. पण आतल्या बाजूला, जिभेकडच्या, हत्यार जातच नाही, हिरडीखाली तर नाहीच नाही, कारण तिथे दुखतं आणि कुठलंही जागं जनावर ते करू देणार नाही. हत्याराने दातावर बारीक चरे पडतात आणि पॉलिश नीट होत नाही, त्यामुळे नवा प्लाक आधीपेक्षा लवकर बसतो. जनावर हललं की हिरडी कापते. टार्टर आणि पाणी घशात जाऊ शकतं कारण श्वासनलिका उघडी असते. आणि मला सगळ्यात वाईट वाटतं ते याचं की दात पांढरे दिसतात म्हणून घरचे निश्चिंत होतात, पुढची दोन वर्षं डॉक्टरकडे जात नाहीत, आणि खाली हाड झिजतच राहतं. माझ्याकडे अशी जनावरं येतात, वरून दात चकचकीत आणि हिरडीत फटीची खोली मोजायची सळई घातली की आठ-नऊ मिलिमीटर आत जाते. अमेरिकन व्हेटरनरी डेंटल कॉलेजने २००४ मध्येच याच्या विरोधात भूमिका घेतलीये आणि वर्ल्ड स्मॉल ॲनिमल व्हेटरनरी असोसिएशनच्या दातांच्या मार्गदर्शक सूचनाही तेच सांगतात. आणि हो, "पूर्ण भूल नाही, नुसतं गुंगीचं इंजेक्शन देऊन करतो" असं कुणी म्हणालं तरी तेही नको. गुंगीत जनावराचं गिळणं-खोकणं कमी होतं पण श्वासनलिकेत नळी नसते, आणि टार्टर काढायच्या मशिनमधून, म्हणजे स्केलरमधून, सतत पाणी उडत असतं, म्हणजे जंतूंनी भरलेलं पाणी फुप्फुसात जायची भीती उलट वाढते.

आता भूल, कारण खरी भीती तीच आहे आणि ती मला कळते. कुठलीही भूल शंभर टक्के बिनधोक नसते, तसं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. पण आकडे बघा. ब्रिटनमध्ये केलेला एक खूप मोठा अभ्यास २००८ मध्ये छापून आला, त्यात भूल किंवा गुंगी दिलेल्या सगळ्या कुत्र्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण साधारण ०.१७ टक्के होतं आणि मांजरांमध्ये ०.२४ टक्के, यात गंभीर आजारी जनावरंही धरलेली होती. ज्यांची तब्येत तशी ठीक होती त्यांच्यात कुत्र्यांमध्ये ०.०५ आणि मांजरांमध्ये ०.११, म्हणजे दोन हजार ठीक कुत्र्यांमध्ये साधारण एक. त्याच अभ्यासात हेही दिसलं की जे मृत्यू झाले त्यातले बरेचसे भूल उतरताना, पहिल्या काही तासांत झाले. म्हणून क्लिनिकला विचारायचा सगळ्यात कामाचा प्रश्न माझ्या मते हा आहे की काम संपल्यावर ती पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत तिच्याजवळ कोण बसणार आहे.

वय म्हणजे आजार नाही, पण वयाबरोबर लपलेले आजार असायची शक्यता वाढते, म्हणून आधी तपासण्या. नऊ वर्षांच्या कुत्रीसाठी मी रक्ताची पूर्ण तपासणी, किडनी, लिव्हर, साखर, लघवी आणि ब्लड प्रेशर एवढं तरी बघते, छातीला स्टेथोस्कोप लावल्यावर हृदयात मर्मर, म्हणजे ठोक्यांबरोबर जादा आवाज, ऐकू आली तर छातीचा एक्स-रे आणि शक्य असेल तर हृदयाची सोनोग्राफी. यात काही सापडलं म्हणजे भूल रद्द असा अर्थ नाही, बऱ्याचदा औषधं बदलतात, डोस बदलतो, सलाईनचा वेग बदलतो, कधी आधी महिनाभर हृदयाचं औषध चालू करून मग तारीख घेतो. किडनी थोडी कमजोर असेल तर आदल्या दिवशीपासून सलाईन लावायला लागू शकतं. क्वचित असं होतं की धोका खरंच जास्त आहे आणि मग मी स्वतःच नको म्हणते. पण "म्हातारी आहे म्हणून नको" आणि "तपासलं, हृदय साथ देणार नाही म्हणून नको" यात फार फरक आहे. आणि एक लक्षात घ्या, आज नऊव्या वर्षी टाळलेलं काम बहुतेक वेळा बाराव्या वर्षी करायला लागतं, तेव्हा दात जास्त सडलेले असतात, काम दीड तासाऐवजी तीन तासांचं होतं आणि किडनीही तीन वर्षांनी म्हातारी झालेली असते.

त्या दिवशी नेमकं काय होतं ते सांगते, म्हणजे दाराआड काय चाललंय याची कल्पना येईल. उपाशी किती वेळ ठेवायचं ते तुमचे डॉक्टर सांगतील, मोठ्या कुत्र्याला साधारण आदल्या रात्रीनंतर अन्न नाही, पाणी सकाळपर्यंत चालतं, अगदी लहान पिल्लं आणि डायबेटिसची जनावरं यांचा हिशोब वेगळा असतो. चालू असलेली सगळी औषधं आधी सांगा, थायरॉईडची, फिटची, सांधेदुखीची, सगळी. आधी एक शांत करणारं आणि दुखणं कमी करणारं इंजेक्शन, मग शिरेत सुई, सलाईन, मग शिरेतून भूल, आणि लगेच श्वासनलिकेत फुगा असलेली नळी. ही नळी हवा आणि भुलीचा गॅस देते आणि फुग्यामुळे पाणी खाली जात नाही. मांजरांमध्ये हा फुगा जपून फुगवावा लागतो आणि मांजर एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर फिरवताना नळी मशिनपासून सोडवून मगच फिरवावी लागते, नाहीतर श्वासनलिकेला इजा होते. मग एक माणूस फक्त मॉनिटर बघायला, हृदयाचे ठोके, ऑक्सिजन, ब्लड प्रेशर, बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड, अंगाचं तापमान. तापमानाकडे लोकांचं दुर्लक्ष होतं, पण तोंडात तासभर पाणी उडत असतं आणि छोटं जनावर भराभर थंड पडतं, म्हणून खालून-वरून गरम हवेचं पांघरूण लागतंच.

मग तोंड जंतुनाशकाने धुतात, अल्ट्रासॉनिक स्केलरने हिरडीच्या वरचं टार्टर काढतात, आणि त्यानंतर हिरडीखालचं, वेगळ्या बारीक टोकाने किंवा क्युरेट नावाच्या, हाताने खरवडायच्या हत्याराने. हे जे हिरडीखालचं आहे तेच मुख्य काम, बाकी सगळं त्याच्या तयारीसाठी. स्केलर एका दातावर सलग दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त धरायचा नसतो, त्याने दात तापतो आणि आतली नस मरू शकते, म्हणून एका दातावरून दुसऱ्यावर आणि परत पहिल्यावर असं फिरत राहावं लागतं. मग मिलिमीटरच्या खुणा असलेली बोथट सळई प्रत्येक दाताभोवती फिरवून फटीची खोली मोजतात आणि तक्त्यावर लिहितात. प्रत्येक दाताला स्वतःचा तीन आकडी नंबर असतो, वरचा उजवा सुळा १०४, डावा २०४, अशा पद्धतीने, तुम्हाला घरी जाताना जो चार्ट देतील त्यात हेच नंबर असतील. देत नसतील तर मागा.

आणि एक्स-रे. तोंडाच्या आत बसणारी छोटी प्लेट ठेवून काढलेले दातांचे एक्स-रे. याबद्दल मी कधीच तडजोड करायला सांगत नाही, कारण दाताचा मोठा भाग मुळाचा असतो आणि ते हाडात गाडलेलं असतं. १९९८ मध्ये छापलेल्या एका जुन्या पण अजूनही महत्त्वाच्या अभ्यासात वरून अगदी चांगल्या दिसणाऱ्या दातांचे एक्स-रे काढले तेव्हा २७.८ टक्के कुत्र्यांमध्ये आणि ४१.७ टक्के मांजरांमध्ये उपचाराच्या दृष्टीने महत्त्वाचं काहीतरी सापडलं. डोळ्यांनी ठणठणीत वाटलेल्या दातांची ही गोष्ट आहे! मुळाशी गळू, अर्धवट राहिलेली मुळं, हिरडीत अडकलेला न उगवलेला दात ज्याच्याभोवती पाण्याची गाठ होऊन जबडा पोखरत जाते, हे सगळं एक्स-रे शिवाय कळत नाही. सगळ्यात शेवटी पॉलिश. स्केलिंगने दातावर बारीक ओरखडे राहतात, ते गुळगुळीत केले नाहीत तर प्लाकला बसायला जागा मिळते, त्यामुळे पॉलिश ही सौंदर्याची गोष्ट नाही, तो कामाचाच भाग आहे.

दात काढावे लागतील का, याचं उत्तर आधी नक्की देता येत नाही आणि याचा लोकांना राग येतो, मला समजतं. जागेपणी तोंड बघून मी अंदाज सांगते, पण खरं चित्र भुलीत मोजल्यावर आणि एक्स-रे काढल्यावरच दिसतं. म्हणून त्या दिवशी फोन जवळ ठेवा, डॉक्टर मधेच फोन करून सांगतील की अमुक दात काढायला लागतायत, आणि जनावर भुलीत असताना तुम्ही उचलला नाहीत तर अडचण होते, त्यापेक्षा आधीच लिहून द्या की फोन लागला नाही तर काय करायचं. हालणारा, मुळाशी पू असलेला, किंवा मोडून आतली नस उघडी पडलेला दात तोंडात ठेवणं म्हणजे दुखणं ठेवणं. मोडलेला दात मोठा आणि उपयोगाचा असेल तर रूट कॅनालचा पर्याय असतो, त्यासाठी दातांच्या स्पेशालिस्टकडे जावं लागतं, पण नस उघडी असलेला दात "नंतर बघू" म्हणून सोडून देणं हा पर्याय नाही. दात काढताना त्या भागाला वेगळं बधिरपणाचं इंजेक्शन देतात, त्यामुळे वरची भूल कमी लागते आणि जाग आल्यावरही काही तास दुखत नाही. दाढा कापून, एकेक मूळ वेगळं करून काढतात आणि हिरडी विरघळणाऱ्या टाक्यांनी शिवतात. दात नसले तर खाईल कसं ही काळजी करू नका, सगळे दात काढलेले कुत्रे आणि मांजरं व्यवस्थित खातात, बरेचदा आधीपेक्षा जास्त आवडीने.

खर्चाबद्दल एवढंच की दोन क्लिनिकच्या रकमेत मोठा फरक दिसला तर आधी विचारा की कमी रकमेत रक्ततपासणी, श्वासनलिकेतली नळी, मॉनिटर बघणारा वेगळा माणूस, दातांचे एक्स-रे आणि दुखण्याची औषधं आहेत का. बहुतेक वेळा फरक यातच असतो. एक्स-रेची सोय नसेल आणि दुसरीकडे जाणं शक्य असेल तर मी दुसरीकडे जा म्हणेन.

अँटिबायोटिकचंही विचारतात लोक, की आधी गोळ्या देऊन बघू. गोळ्यांनी आठवडाभर वास कमी होतो आणि गोळ्या संपल्या की परत येतो, कारण जंतूंचा थर दातावर तसाच चिकटून असतो, औषध त्याच्या आत नीट पोचत नाही. घाण हाताने काढावीच लागते. निरोगी जनावराला साध्या स्केलिंगसाठी अँटिबायोटिकची गरजच नसते, हृदयाचे काही विशिष्ट आजार, प्रतिकारशक्ती कमी असणं किंवा हाडापर्यंत गेलेला जंतुसंसर्ग अशा ठिकाणी डॉक्टर ठरवतील.

आता मांजर. मांजरांचं मला जास्त वाटतं कारण ती कुत्र्यांपेक्षाही जास्त लपवतात. तिच्या तोंडात ३० दात असतात आणि त्यांच्यात एक वेगळाच आजार फार आढळतो, दात आतून-बाहेरून विरघळत जातो, हिरडीच्या रेषेवर खड्डा पडतो आणि हिरडी त्या खड्ड्यात वाढून तो झाकून टाकते. दिसायला नुसता लाल ठिपका, पण त्याला सळई लावली तर भुलीत असलेल्या मांजराचाही जबडा थरथरतो, एवढं ते दुखणारं असतं. याला फिलिंग करून उपयोग होत नाही, दात काढावा लागतो, आणि कसा काढायचा हे एक्स-रेवर ठरतं, मूळ हाडात मिसळून गेलं असेल तर फक्त वरचा भाग काढून हिरडी शिवता येते, मूळ शाबूत असेल तर ते पूर्ण काढावं लागतं. पाच-सहा वर्षांच्या पुढे याचं प्रमाण वाढत जातं, त्यामुळे तुमच्या मांजरीला निदान तपासून तरी घ्या. काही मांजरांमध्ये घशापर्यंत सगळं तोंड लालभडक होतं, जांभई देताना ओरडतात, अंग चाटायचं सोडतात, लाळ गळते. तिथे नुसतं स्केलिंग पुरत नाही, बऱ्याचदा सगळ्या दाढा-उपदाढा काढाव्या लागतात आणि त्याने बऱ्याच मांजरांना खरोखर आराम पडतो. आणि मांजरीचं तोंड उघडं ठेवायला स्प्रिंगचा चिमटा तासभर लावून ठेवू नये, जबडा जास्त ताणला गेला की मेंदूकडे आणि डोळ्याच्या पडद्याकडे जाणारं रक्त कमी होऊन आंधळेपण आल्याच्या नोंदी आहेत. हे तुम्ही डॉक्टरांना विचारलंत तर चांगला डॉक्टर रागावणार नाही.

घरी आणल्यावर पहिल्या रात्री ती गुंगीत असेल, थोडी कुरकुरेल, लाळेत किंचित गुलाबी रंग दिसेल, नळीमुळे एक-दोन दिवस खोकेल, एवढं चालतं. ताजं लाल रक्त थेंब-थेंब येत राहिलं, चेहरा सुजला, किंवा दुसऱ्या दिवशीही काहीच खाल्लं नाही तर फोन करा. दात काढले असतील तर साधारण दोन आठवडे मऊ खाणं आणि ओढाताणीची खेळणी बंद. दुखण्याचं औषध सांगितलेले सगळे दिवस द्या, "ठीक दिसतेय" म्हणून मधेच थांबवू नका. आणि घरातल्या माणसांच्या गोळ्या अजिबात नकोत, आयबुप्रोफेन कुत्र्यांना घातक आहे आणि पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजरीचा जीव घेऊ शकते.

ब्रशिंगबद्दल तुम्ही विचारलं नाहीत पण सांगते, कारण क्लिनिकमध्ये साफ करून आणलेल्या दातावर त्याच दिवशी परत प्लाक बसायला सुरुवात होते. ब्रश रोज केला तरच खरा फायदा, कारण टार्टर व्हायला दोन-तीन दिवस लागतात आणि आपल्याला त्याच्या आधी पोचायचं असतं. मऊ ब्रश, हिरडीच्या रेषेवर तिरका, फक्त दाताच्या बाहेरच्या बाजू, जबडा उघडायचीही गरज नाही, ओठ वर केला की पुरे. आतली बाजू जीभ बऱ्यापैकी पुसते. पेस्ट जनावरांसाठी बनवलेलीच, आपली नको, तिच्यात फ्लोराइड आणि फेस येणारं द्रव्य असतं जे ती थुंकू शकत नाही, आणि काहींमध्ये झायलिटॉल नावाचं गोडी आणणारं द्रव्य असतं ते कुत्र्यांना विषारी आहे. पेस्ट नसेल तर नुसतं पाणी चालेल, काम ब्रशचं आहे. नऊ वर्षांच्या कुत्रीला नवीन सवय लागते, आठवडाभर नुसतं बोटाने ओठ वर करून आवडीचा खाऊ द्यायचा, मग बोटाला पेस्ट, मग ब्रश, घाई केलीत तर मात्र कायमची बिथरेल. ब्रश जमतच नसेल तर व्हेटरनरी ओरल हेल्थ कौन्सिलचा शिक्का असलेले चघळायचे पदार्थ किंवा दातांसाठीचा आहार घ्या, हा शिक्का चाचण्यांत उपयोग दिसलेल्या वस्तूंनाच मिळतो, ब्रशएवढा फायदा नाही पण काहीतरी होतो. हाडं, शिंगं, खुरं, बर्फाचे तुकडे देऊ नका, त्याने दात स्वच्छ होतात असं म्हणतात पण त्याच वरच्या चौथ्या उपदाढेची अख्खी कपची उडते, आणि असे दात मी सतत बघते. वस्तूवर नख दाबलं आणि खळगा पडला नाही तर ती दातासाठी फार कडक आहे असं समजा.

ब्रश दात साफ झाल्यावर लगेच सुरू करू नका पण, आत्ता तर अजिबातच नको, सुजलेल्या हिरडीवर ब्रश लागला की दुखतं आणि ती ब्रशला घाबरायला लागते. टाके असतील तर दहा-चौदा दिवसांच्या फेरतपासणीत डॉक्टर हिरडी बघून हो म्हणाले की मग. आधी रक्ततपासणी करून घ्या, रिपोर्टमध्ये किडनीचे आकडे किंवा हृदयाचं काही वेगळं आलं तर ते इथे लिहा, मी बघून सांगते तारीख घ्यायची की आधी ते सांभाळायचं.